आदल्या रात्रीची वही: पुण्याचं रेसकार्ड मी कसं वाचते

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. घोड्याला खरारा, मालिश, पहाटेचा गॅलप, म्हणजे सरावाची धाव, झाल्यावर हातानं धरून चालवणं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. रविवारच्या रेस आणि त्यांतल्या घोड्यांची माहिती देणारं इंग्रजी कार्ड त्यांना वाचता येत नसे, म्हणून शनिवारी रात्री ते मी मोठ्यानं वाचायची. अमक्या घोड्याचा मागचा नंबर सातवा, असं वाचलं की दादा लगेच विचारायचे, "का गं? सातवा का आला?" कोण जिंकेल हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मागच्या वेळी का हरला, एवढंच विचारायचे. आज मी हिशेबनीस म्हणून नोकरी करते, पण जुलै ते शरद ऋतूपर्यंतच्या पुणे सीझनमध्ये शनिवारची रात्र अजूनही त्याच प्रश्नासाठी राखलेली असते. माझी सगळी पद्धत त्या एका प्रश्नातून आलेली आहे.

सुरुवात घोड्यांपासून करू नका, रेसपासून करा. दिवसाला सात-आठ रेस असतात. त्यांतल्या दोन, फार तर तीन निवडायच्या आणि बाकीच्यांवर काट मारायची. कधीच न पळालेल्या तीन वर्षांच्या घोड्यांची रेस मी सोडून देते. तिथं आई-बाप कोण आणि सकाळी काय टायमिंग दिलं, याशिवाय हातात काही नसतं. पंधरा घोड्यांचा खालच्या क्लासचा भरगच्च घोळकाही सोडते, कारण तिथं अर्धे घोडे वाटच मिळाली नाही म्हणून हरतात. मला हवी असते आठ ते दहा घोड्यांची हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीला आणणारी रेस, जिच्यात बहुतेकांनी याच सीझनमध्ये निदान एक रेस तरी पळालेली आहे.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मुंबईचा महालक्ष्मीचा सीझन एप्रिलच्या सुमारास संपतो आणि पुण्याचा जुलैत सुरू होतो. मधल्या विश्रांतीत घोड्याच्या अंगावर मांस चढतं. सीझनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कितीतरी चांगले घोडे शेवटच्या 200 मीटरमध्ये दमताना दिसतात. ती हार वहीत लिहून ठेवायची असते, कारण तोच घोडा ऑगस्टमध्ये त्याच रेटिंगवर परत येतो, अंगानं तयार होऊन.

आता रेटिंग. हे नीट कळलं की कार्ड निम्मं वाचून झालं. हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून आकडा देतो, त्या आकड्यावरून क्लास ठरतो आणि क्लासमध्ये घोड्यानं पाठीवर न्यायचं वजन: रेटिंग जास्त तितकं वजन जास्त. क्लास 4 साधारण 20 ते 46 रेटिंगचा, क्लास 3 हा 40 ते 66 चा. एक रेटिंग म्हणजे अर्धा किलो. म्हणजे क्लास 4 मध्ये वरच्या टोकाच्या आणि खालच्या टोकाच्या घोड्यात 13 किलोंचा फरक पडतो. वजनाचं अंतरात रूपांतर करायला मी एक ढोबळ माप वापरते: 1000-1200 मीटरला दीड किलो म्हणजे एक लेंग्थ (घोड्याच्या अंगाच्या लांबीएवढं अंतर), 1600 ला एक किलो म्हणजे एक लेंग्थ, आणि 2400 ला अर्ध्या किलोतच एक लेंग्थ जाते. जितकं अंतर लांब तितकं वजन जास्त बोचतं.

दोन क्लासच्या आकड्यांची टोकं एकमेकांवर चढलेली आहेत, हे पाहिलंत का? 44 रेटिंगचा घोडा क्लास 3 मध्ये हलक्या वजनानं पळू शकतो किंवा क्लास 4 मध्ये जड वजनानं. तो कुठं घालायचा हे ट्रेनर ठरवतो, आणि या निवडीकडे मी टिपांपेक्षा जास्त लक्ष देते. गेल्या वेळी वरच्या क्लासमध्ये हलका पळवलेला घोडा आज खालच्या क्लासमध्ये टॉप वेट, म्हणजे सगळ्यांत जास्त वजन, घेऊन उतरतोय, तर त्यामागं ट्रेनरचा काहीतरी हिशेब आहे. वर शिकाऊ जॉकी दिला असेल, तर त्याच्या सवलतीचे किलो वजा करून घ्या. मात्र हट्टी, ओढणारा घोडा असेल तर कमी झालेले दोन किलो पोराच्या हाताच्या कच्चेपणात जातात.

यानंतर मी वहीचं पान उभं तीन भागांत आखते. डावीकडे घोडा, मध्ये मागच्या हारीचं कारण, उजवीकडे ते कारण आज आहे की गेलं. कारणं बहुतेक पाच-सहाच असतात. अंतर पेललं नाही किंवा कमी पडलं. वजन जास्त होतं. जमीन मानवली नाही. ड्रॉमध्ये, म्हणजे गेटमधल्या जागांच्या सोडतीत, बाहेरची जागा आली आणि वळणावर चार घोड्यांच्या बाहेरून फिरावं लागलं. स्टार्टिंग गेटमधून उशिरा निघाला. समोरचे घोडेच वरचढ होते. सातवं कारण म्हणजे घोडाच सामान्य आहे, आणि तेही लिहायला कचरायचं नाही. सलग सहा रेस तिसरा-चौथा येणारा घोडा लोकांना 'आता लागणारच' वाटतो. माझ्या वहीत त्याच्यापुढं 'तिसऱ्याचा घोडा' असं लिहिलेलं असतं.

कारण शोधायला नुसते आकडे पुरत नाहीत, जुन्या रेसचा व्हिडिओ पाहावा लागतो. मी प्रत्येक रेस दोनदा पाहते. पहिल्यांदा जिंकणाऱ्याकडे बघतेच, दुसऱ्यांदा त्याला बघायचंच नाही. सातव्या नंबरवर नजर ठेवायची. जॉकीचे हात कधी हलायला लागले, समोर भिंत झाली म्हणून त्यानं लगाम कधी ओढला, शेवटच्या फर्लांगात (साधारण 200 मीटर) चाबूक ठेवून दिला का.

गेल्या एका ऑगस्टमधलं उदाहरण देते. रविवार, क्लास 4, 1200 मीटर, दहा घोडे. फेवरिट, म्हणजे लोकांनी सगळ्यांत जास्त पैसे लावलेला, होता क्लास 5 मधून चार लेंग्थनं जिंकून आलेला घोडा. माझ्या पानावर त्याच्यापुढं लिहिलं होतं: कोरड्या जमिनीवर जिंकला, पुढं एकटाच मोकळा पळाला, आज पुढं पळणारे आणखी दोन आहेत. म्हणजे सुरुवातीलाच तिघं एकमेकांना जाळणार. दुसरी, 44 रेटिंगची घोडी. मागच्या वेळी क्लास 3 मध्ये 1600 मीटरला सातवी. व्हिडिओत मात्र ती शेवटच्या 400 पर्यंत पहिल्या दोघांत होती, मग दम संपला. कारण अंतर, आणि आज ते 400 मीटरनं कमी. तिसरा 31 रेटिंगचा, मागं पाचवा, पण दोन घोड्यांमध्ये अडकलेला. मी घोडीला पहिला नंबर दिला, याला दुसरा.

घोडी नेकनं, म्हणजे मानेएवढ्या अंतरानं, हरली, 31 चा घोडा जिंकला. दोघांच्या रेटिंगमध्ये 13 चा फरक, म्हणजे साडेसहा किलो, म्हणजे माझ्याच मापानं चार लेंग्थ. हा हिशेब मी मांडला होता, पण शनिवारी रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी मी तो नव्याने मांडला नाही. ओल्या जमिनीवर टॉप वेट आणखी जड होतं. त्या दिवसापासून जमिनीचा मऊपणा मोजणारा सकाळचा पेनेट्रोमीटर वाचल्याशिवाय मी पान बंद करत नाही. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. फॉल्स रेल, म्हणजे आतल्या कडेचं तात्पुरतं कुंपण, लावली असेल तर तीही तिथंच कळते. ती लावली की पळायची जागा अरुंद होते आणि मागून येणाऱ्याला वाट काढणं अवघड जातं.

सकाळच्या गॅलपचे टायमिंग छापून येतात, त्यांना लोक फार भुलतात. 600 मीटर 37 सेकंदांत, पण शेजारी 'प्रेस्ड' लिहिलंय, म्हणजे रेटून काढलेलं. दुसरा 38 मध्ये, 'ईझी'. मला दुसरा आवडतो. वर कोण बसलं होतं तेही बघा, रेसमधला जॉकी की फक्त सरावाला घोडे पळवणारा रायडिंग बॉय. रेसचा जॉकी स्वतः दोनदा येऊन बसला असेल तर मी घोड्याच्या नावाखाली रेघ मारते. पहिल्यांदाच ब्लिंकर्स (बाजूचं दिसू नये म्हणून डोळ्यांना लावायची झापडं) लावले असतील, किंवा पोलादी नाल काढून अ‍ॅल्युमिनियमची घातली असेल, तर तीही नोंद करते. पण नुसत्या त्यावर निर्णय घेत नाही.

रविवारी पॅडॉकवर, जिथं रेसआधी घोडे फिरवून दाखवतात, मी रेसच्या आधी पंधरा मिनिटं कठड्याला उभी असते. इथं दादांचं शिक्षण कामी येतं. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडतो का, ते पाहा. पडत असेल तर अंग मोकळं आहे. पावसाळी दमट हवेत मानेवर घाम सगळ्यांनाच येतो, त्याला घाबरू नका. मागच्या पायांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस आला असेल, तर घोडा रेस तिथंच खर्च करतोय. कान मोतद्दाराच्या बोलण्याकडे वळतात का, शेपूट सैल आहे का, पुठ्ठ्यावरच्या मांसात चालताना रेघ उमटते का. पोट सुटलेलं आणि कातडी निस्तेज असेल, तर शनिवारच्या पानावरचं त्याचं नाव मी खोडते, कितीही आवडतं असलं तरी.

मग भाव. आधी वहीत लिहायचं, मग भावांच्या बोर्डाकडे बघायचं, हा क्रम मोडू नका. भाव आधी पाहिला की आपण फेवरिटच्या बाजूनं कारणं शोधू लागतो. चारचा भाव म्हणजे एकाला चार, म्हणजे असा घोडा पाचातून एकदा जिंकला तर बरोबरी होते. माझ्या अंदाजानं तो तीनातून एकदा जिंकेल असं वाटलं तरच मी खिडकीवर जाते. दीडच्या भावातला फेवरिट जिंकेल असं वाटत असूनही मी बहुतेकदा सोडते. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, पण आता करही सोसावा लागतो. बेटिंगवरचा जीएसटी आधी 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. एवढं वजन पाठीवर घेऊन दिवसाच्या आठही रेस खेळणाऱ्याला वर्षअखेर काही उरत नाही, हे मी हिशेबनीस म्हणून सांगते. जॅकपॉटला पाच रेसचे विजेते लागतात, मी तो खेळत नाही. विन (घोडा पहिला येण्यावर), कधी प्लेस (वरच्या काही नंबरांत येण्यावर), आणि घरून निघताना वेगळी काढलेली रक्कम. ती संपली की पुढच्या रेस मी फक्त बघते, आणि त्या बघायलाही मला तेवढंच आवडतं.

सेंट लेजर या मोठ्या रेसच्या रविवारी हे सगळं जरा बदलतं. 2800 मीटरची ती रेस पुण्यातच होते. तिथं हँडिकॅप नसतो, वजनाचा आधार सुटतो आणि एकच प्रश्न उरतो, की शेवटचे 400 मीटर कोणाच्या अंगात दम शिल्लक असेल. 1600 ला झपकन निसटणारा घोडा तिथं मी वर लावत नाही. 2000 ला हरूनही रेघ ओलांडल्यावर पुढं जोरात जात राहिलेला शोधते. रेस संपल्यानंतरचे ते दहा सेकंद व्हिडिओत असतात, पण तोवर सगळ्यांच्या नजरा बोर्डावर गेलेल्या असतात.

रात्री घरी आल्यावर वही पुन्हा उघडायची. जिंकलेल्याच्या पुढं मी फक्त टायमिंग लिहिते. हरलेल्या प्रत्येकापुढं मात्र दादांचा प्रश्न आणि एका ओळीत उत्तर. साधारण तीन आठवड्यांनी त्यांतले निम्मे पुन्हा कार्डावर येतात, आणि त्या शनिवारी माझं अर्धं पान आधीच भरलेलं असतं.