घड्याळात खारं पाणी शिरलं तर

कळंगुटला पोहून आल्यावर महागड्या ऑटोमॅटिक घड्याळाच्या काचेखाली वाफ दिसली, की पहिला सल्ला हमखास मिळतो: तांदळाच्या डब्यात पुरा. उकडे तांदूळ पेजेला ठेवा. बंद केसमधलं, म्हणजे घड्याळाच्या डबीतलं, पाणी ते ओढत नाहीत, आणि क्राउन (चावी द्यायची बाजूची गुंडी) उघडा असला तर पिठूळ धूळ तेवढी आत जाते.

आधी घड्याळ थांबवा. आट्यांचा क्राउन सोडवून शेवटच्या खटक्यापर्यंत बाहेर ओढा; बहुतेक मशीनमध्ये सेकंदकाटा तिथेच थांबतो. चावी देऊ नका. कानाशी धरून हलवूही नका, आतला रोटर, म्हणजे चावी देणारं वजन, फिरतो. हेअर ड्रायरच्या उष्णतेने वाफ डायलवर बसते, रंगाला फोड येतात.

फसगत होते ती पुढे. एक-दोन दिवसांत वाफ आपोआप जाते, घड्याळ चालूही लागतं, आणि माणूस निर्धास्त होतो. पाणी उडालं, मीठ आतच राहिलं! ज्या गॅस्केटमधून (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीतून) पाणी शिरलं, त्यातूनच आपली दमट हवाही शिरते. मीठ ती ओल धरून ठेवतं, आणि क्राउनचा पोलादी दांडा, स्क्रू गंजू लागतात. गंजाची तांबूस भुकटी तेलात मिसळली की कानशीसारखी चालते; चाकांच्या केसाएवढ्या बारीक धुऱ्या झिजतात. मग नुसत्या सर्व्हिसने भागत नाही, सुटे भाग शोधत फिरावं लागतं. पावसाचं पाणी असेल तर एखादा दिवस निभावेल. समुद्राचं असेल तर त्याच दिवशी कारागिराकडे जा. दुपारचं दुकान बंद असलं तर शटर उघडेपर्यंत थांबा.

‘उघडून सुकवून देतो’ म्हणणाऱ्याकडून घड्याळ परत घ्या. मशीन पूर्ण सुटं करून धुणं, नवं तेल, सगळी गॅस्केटं नवी, शेवटी पाणी शिरत नाही ना हे पाहणारी प्रेशर टेस्ट: यातलं काही गाळू देऊ नका. केसला बफ (घासून चकाकी) नको, कडा बोथट होतात. जुन्या घड्याळाचा डायल तर रंगवूच नका. डाग असलेला मूळ डायलच जाणकाराला हवा असतो.

घरी आणल्यावर अर्धा तास मनगटावर बांधा, काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून पुसा. तिथे आतून धुकं धरलं, तर परत न्या.

घड्याळावर लिहिलेलं ‘३० मीटर’ म्हणजे हात धुण्यापुरतं. पोहायला किमान १०० हवं. समुद्रातून आल्यावर क्राउन घट्ट बंद करून नळाखाली धुवा. चामडी पट्टा जूनमध्येच काढून ठेवा, बुरशी धरते.