युद्धोत्तर ब्रिटनवर लिहिताय? या चुका टाळा

एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो की पहिला चहा संपायच्या आत ते वाक्य येतंच: ‘इतके चांगले दिवस आपण कधी पाहिले नव्हते.’ खाली ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांचं नाव, आणि पुढे ठोकून दिलेलं असतं की ही १९५९ च्या निवडणुकीची घोषणा. नव्हती. मॅकमिलन यांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची तेव्हाची घोषणा वेगळीच होती: आमच्या राज्यात जगणं सुधारलंय, मजूर पक्षाला ते नासवू देऊ नका. मॅकमिलन हे वाक्य बोलले २० जुलै १९५७ ला, बेडफर्डच्या फुटबॉल मैदानावर. तेही ‘आपल्यातल्या बहुतेकांनी’ असं. तो ‘बहुतेक’ आमची मुलं हमखास गाळतात. पुढे ते विचारतात, हे सगळं टिकेल का? तिथपर्यंत तर कुणी पोचतच नाही. भाषणाचा रोख महागाईवर होता. दोन महिन्यांत बँक ऑफ इंग्लंडचा बँक रेट, म्हणजे व्याजाचा मूळ दर, ५ वरून ७ टक्क्यांवर गेला.

एका वर्षी एकाच गठ्ठ्यातल्या अकरा पेपरांत या भाषणाचं साल १९७५ निघालं. मला वाटलं, माझाच चष्मा बदलायला झाला. मग कळलं, गाईडात आकडे उलटे छापले गेले होते आणि अकराही जणांनी ते इमानेइतबारे पाठ केले होते. १९७५ साली ब्रिटनमध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर होती आणि मॅकमिलन केव्हाच घरी बसले होते. चांगले दिवस म्हणे! गाईडवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांचं पोट आहे. पण एकालाही शंका येऊ नये? माझी सवय जुनाट आहे: अवतरण घ्यायचं तर मागचं-पुढचं वाक्यही वहीत हाताने उतरवायचं. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी चूक: ‘१९४५ ला युद्ध संपलं आणि सुबत्ता आली.’ युद्धात ज्या पावावर रेशन नव्हतं, तो पाव शांतता आल्यावर, जुलै १९४६ मध्ये, रेशनवर गेला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. गोळ्या-चॉकलेटं १९४९ साली मोकळी केली, तर दुकानं अशी रिकामी झाली की चार महिन्यांत पुन्हा रेशन. मटणाची सुटका जुलै १९५४ ला झाली.

सुबत्ता सगळ्यांच्या दारी एकदम पोचली, हेही खोटं. या बाबतीत माझं नाक एकदा भर व्याख्यानात कापलं गेलंय. साठच्या दशकात घरोघरी फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, असं मी झोकात सांगत होतो. पहिल्या रांगेतल्या आजी तेव्हा बर्मिंगहॅमला नर्स होत्या. म्हणाल्या, “सर, आमच्या खोलीत मीटरमध्ये शिलिंग टाकल्याशिवाय गॅस पेटायचा नाही. दूध खिडकीबाहेर ठेवायचो. आणि ती खोलीसुद्धा चार दारं बंद झाल्यावर मिळाली.” वर्णावरून खोली नाकारणं १९६८ पर्यंत तिथे कायदेशीर होतं, हे मला ठाऊक होतं, पण व्याख्यानात फ्रिजशेजारी ते ठेवायचं सुचलं नव्हतं. १९६२ साली फ्रिज साधारण तिसऱ्या हिश्शाच्या घरांत होता. बाकीच्यांचं दूध खिडकीत.

हप्त्यांना विसरू नका. हायर पर्चेसवरची, म्हणजे हप्त्यांनी वस्तू घेण्यावरची, बंधनं १९५८ मध्ये उठली. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत दिवाणखान्यातला टीव्ही कायद्याने त्या घरातल्यांचा नव्हताच.

‘साठच्या दशकात समाज मोकळा झाला’ असं मोघम लिहू नका. कायदा आणि साल लिहा, आणि ब्रिटन म्हणजे इंग्लंड समजू नका. समलैंगिक संबंधांना शिक्षेतून वगळणारा १९६७ चा कायदा फक्त इंग्लंड-वेल्सचा. स्कॉटलंडला १९८० उजाडलं. १९६७ चाच गर्भपाताचा कायदा उत्तर आयर्लंडला लागू नव्हता.

आणि पगाराला आजच्या रुपयांनी गुणून ‘महिना लाखभर’ काढू नका. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगचे १२ पेन्स. १९५५ चा पगार दशांशात दिसला की माझं लाल पेन आपोआप उघडतं.