पुरवठादारावर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की गोव्यातल्या कुंडई, बेतोडा, पिसुर्लेसारख्या औद्योगिक वसाहतींत एक तक्रार हमखास ऐकू येते: बॉक्स दबले, माल परत आला. लगेच बॉक्सवाल्याच्या नावे डेबिट नोट (बिलातून पैसे कापण्याची नोंद) निघते. कारण न शोधता दंड लावणे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि कोरुगेटेड (पन्हळी पुठ्ठ्याच्या) बॉक्सची भार पेलण्याची ताकद घटते. हा भार मुख्यतः कोपऱ्यांवर असतो. बॉक्स पॅलेटच्या (माल रचायच्या चौकटीच्या) कडेबाहेर आले किंवा थर वाकडेतिकडे लागले, तर उत्तम फाइव्ह प्लाय (पाच पदरी) बॉक्सही खचतो. म्हणून आधी आपले गोदाम बघा. बॉक्स थेट जमिनीवर आहेत का? भिंतीला टेकलेत का? थर किती? खचलेले बॉक्स टाकून न देता पुरवठादाराला बोलावून तिथेच दाखवा. आपला बॉक्स पुढे कसा वापरला जातो, हे अनेक पुरवठादारांनी कधी पाहिलेलेच नसते.

दुसरी चूक मोघम ऑर्डरची. ‘काजूगर चांगला सुका हवा’ याला अर्थ नाही. प्रत नेमकी सांगा: डब्ल्यू ३२० ही अख्ख्या काजूगराची प्रत, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर. ओलावा ५ टक्क्यांपर्यंत, हे लिहून द्या. तरीही वाद होतात, कारण दोघांची ओलावा मोजण्याची यंत्रे वेगळे आकडे दाखवतात. एकच नमुना दोन्हीकडे तपासा, फरक नोंदवा आणि सीलबंद नमुना दोघांनीही जपून ठेवा. एवढे केले तरी निम्मी भांडणे मिटतील, असे मला वाटते.

दर पाडत राहणेही तसेच घातक. केवळ किंमत बघून खरेदी करू नका, एका वस्तूसाठी एकाच पुरवठादाराशी दीर्घकाळ विश्वासाचे नाते जोडा, असे अमेरिकी गुणवत्ता-तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठीच्या आपल्या १४ मुद्द्यांत सांगितले. दर परवडेनासा झाला की बॉक्सच्या कागदाचा जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) गुपचूप उतरतो.

पैसे अडकवू नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज.

आणि पुरवठादाराने ‘कागदाची मिल बदलली’ असे आधीच कळवले, तर त्याच्यावर चिडू नका. नव्या कागदाचे थोडे बॉक्स मागवा, माल भरून नेहमीएवढे थर लावा, आणि पावसाळी हवेत काही दिवस ठेवून मगच होकार द्या.