जनरेटर लावताय? आधी न्यूट्रल बघा

जनरेटर वापरणाऱ्या घरात टीव्ही-फ्रिज उडाला की शिव्या जनरेटरला पडतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो बिचारा धड असतो आणि घोळ असतो चेंजओव्हरच्या (घर महावितरणच्या लाइनवर, म्हणजे मेनवर, की जनरेटरवर हे ठरवणाऱ्या स्विचच्या) डब्यात, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरच्या) स्क्रूखाली. नाशिकच्या रो-हाऊसमध्ये काय किंवा दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यातल्या घरात काय, थ्री फेज मीटर असेल तर हे नीट वाचा.

जनरेटर उघड्यावर ठेवा, खिडकीपासून लांब. पार्किंगचं शटर ओढून आत चालवायचा नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटात खुपसून घर चालू करणारे महाभाग अजून आहेत. तसं केलं की तुमचे २३० व्होल्ट उलटे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जातात आणि पलीकडे ११ हजार होऊन निघतात. तिथे महावितरणचा लाइनमन खांबावर असू शकतो. मेन स्विच पाडलाय, आता काय होतंय, ही सबब नको. चेंजओव्हरच लागतो.

सिंगल फेज घराला दोन पोलचा (दोन वायरी एकदम बदलणारा) चेंजओव्हर, थ्री फेजला चार पोलचा. वायरमन म्हणेल, “भाऊ, तीन पोलचा बास, न्यूट्रल कॉमन ठेवू.” ऐकू नका. न्यूट्रलही फेजबरोबर बदललाच पाहिजे, आणि स्विच चालू होताना तो आधी जुळावा, बंद होताना शेवटी सुटावा. कंपनीच्या चांगल्या चार पोल स्विचमध्ये ही सोय असते; जुन्या स्विचांची जोडाजोड करून बनवलेल्यात नसते.

आता खरी गोम. थ्री फेज घरात न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची उपकरणं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यावर मिळून ४०० व्होल्ट येतात. ज्या फेजवर गिझर आहे तिथला व्होल्टेज कोसळतो; ज्या फेजवर फक्त टीव्ही आणि चार्जर आहेत तिथे तो ३०० च्या पुढे जातो. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण त्याला करंट कळतो, व्होल्टेज नाही. गंमत म्हणजे सिंगल फेज जनरेटरवर तिन्ही फेज एकत्र जोडलेले असतात, त्यामुळे तेव्हा हे जाणवत नाही. लाइट आल्यावर चेंजओव्हर मेनवर टाकला आणि त्या बाजूचा न्यूट्रल नीट बसला नाही, की उपकरणं जळतात. एका खोलीतला दिवा भगभगतोय आणि दुसऱ्या खोलीतला मिणमिणतोय असं दिसलं तर विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा.

ढिला न्यूट्रल शोधताना मीही बराच काळ चाचपडलोय, कारण मल्टिमीटर इथे फसवतो. तो जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून कसाबसा टेकलेला न्यूट्रलही त्याला छान २३० दाखवतो. मोजायचं ते लोडवर. घरातली बाकी उपकरणं पिनेसकट काढा, एका फेजवर हजार वॉटची इस्त्री लावा आणि तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा. इस्त्रीचा फेज पडला आणि दुसरा वर चढला तर न्यूट्रल ढिला आहे. हे मेनवरच करायचं. थ्री फेज जनरेटर असेल तर त्याच्यावरही. मेन आणि जनरेटर दोन्ही बंद करून डबा उघडलात तर बहुधा अॅल्युमिनियमची वायर लगशिवाय (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीशिवाय) तांब्याच्या पट्टीवर आवळलेली, इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक पडलेलं दिसेल. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. टोक कापून नवीन लग मारायला लावा. हे काम वायरमनचंच.

लहान पोर्टेबल जनरेटरमध्ये फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे ११५ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. पण मग आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पडणारा स्विच) शॉकच्या वेळी पडेलच याचा भरवसा नाही. न्यूट्रल-अर्थ जोड वायरमनकडून जनरेटरपाशीच, एकाच जागी करून घ्या, आणि तोही चेंजओव्हर न्यूट्रल बदलत असेल तरच.

चेंजओव्हर आणि डीबी (घरातल्या एमसीबींचा डबा) यांच्यामध्ये ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा: वर २६०, खाली १८० च्या आसपास, परत चालू व्हायला तीन मिनिटं. थ्री फेजला प्रत्येक फेज न्यूट्रलशी तपासणारा घ्या. प्रत्येक उपकरणाला स्टॅबिलायझर घेण्यापेक्षा आधी हा.

व्होल्टेज कमी वाटला म्हणून गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळू नका, फ्रिक्वेन्सीही वाढते. रिकाम्यावर ५२ हर्ट्झ ठीक आहे. सिंगल फेज जनरेटरवर थ्री फेज मोटारीचा एमसीबी खालीच.

लाइट आली की डीबीतले एमसीबी पाडा, मग चेंजओव्हर मेनवर टाका, तिन्ही फेज मोजा आणि एकेक उचला, फ्रिज सगळ्यात शेवटी. जनरेटर दोन मिनिटं रिकामा फिरू द्या आणि बंद करा. लोडवर असताना पेट्रोल संपू देऊ नका, विझताना त्याचा व्होल्टेज वेडावाकडा होतो.