पाया खणण्याआधीची फाइल

दसऱ्याला घराचं भूमिपूजन धरलं असेल तर फाइलला श्रावणातच हात घाला. नारळ पाच मिनिटांत फुटतो, मोजणीची तारीख तशी मिळत नाही. मी मालकांची एस्टिमेटं करतो आणि ठेकेदारांची बिलंही तपासतो, म्हणून ही यादी दोघांसाठी.

फाइलमध्ये सगळ्यात वर जमिनीचे कागद. ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, त्यावरचे फेरफार, बिनशेतीचा आदेश, मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा. सातबाऱ्यावर नाव बघून लोक थांबतात. खरा मजकूर ‘इतर अधिकार’ रकान्यात असतो. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, बहिणींचा हक्क तिथे सापडतो. हा रकाना ठेकेदारानेही वाचावा, कारण कोर्टाचा मनाई हुकूम आला की उभ्या सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याचं भाडं त्याच्याच अंगावर चढत राहतं. मोजणीच्या खुणा शेजाऱ्याला जागेवर दाखवा आणि जेसीबी येण्याआधी त्याच्या भिंतीचे फोटो काढून ठेवा. जुनी भेग कोणती आणि आपल्या खोदाईने पडलेली कोणती, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

मग परवानगी. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय फक्की मारू नका, म्हणजे पायाची चुन्याने आखणी करू नका. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे ही परवानगी १ वर्ष चालते. पुढे वाढवून मिळते, पण वाढ एकूण ३ वर्षांच्या वर नाही. जोतं झालं की जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी. यासाठी फेऱ्या कोण मारणार आणि फी कोण भरणार, ते करारातच लिहा. मालक म्हणाला म्हणून नकाशात नसलेली खोली चढवणाऱ्या ठेकेदाराने या कायद्याचं कलम ५२ वाचावं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून विनापरवाना बांधकाम करणाराही त्यात गुन्हेगार ठरतो.

आता करार. इथे घाई नको. ‘स्क्वेअर फुटाला १,९००’ एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडे दुमजली घरं उभी राहतात. पण कोणता स्क्वेअर फूट? एका घरी मालकाने जोतं धरलं होतं, एका मजल्याला १,१५० फूट. ठेकेदाराने बाल्कनी आणि छज्ज्यांसकट स्लॅब धरला, १,३८५. स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी, पाणी मारायला बांधलेल्या आळ्यांत उभे राहून दोघं टेप ताणत होते. फरक २३५ फुटांचा, म्हणजे एका मजल्यालाच ४,४६,५०० रुपये. खोटं कोणीच बोलत नव्हतं. कागदावर ‘बांधकाम क्षेत्र’ एवढाच शब्द होता. म्हणून छोट्या नकाशावर पेन्सिलने रंगवून दाखवा, हे मोजायचं, हे अर्धं धरायचं, हे सोडायचं, आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. जिन्याची टोपी, पॅरापेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, भरणी, कंपाउंड हे दरात की दराबाहेर, तेही त्याच कागदावर. ‘चांगल्या टाइल्स’ असं लिहू नका, टाइलचा बेसिक रेट, म्हणजे नुसत्या टाइलचा खरेदी दर लिहा. स्टील मालकाचं असेल तर काट्याची पावती फाइलला लावा आणि नगही मोजा. १२ मिमीची १२ मीटर सळई साधारण १०.६६ किलो भरते. उरलेले तुकडे कोणाचे, हेही ठरवा. मी त्यावरून बोलणं बंद झालेलं पाहिलंय.

जादा काम ‘करून टाका, नंतर बघू’ या शब्दांनी सुरू होतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० ठेकेदाराच्या बाजूने आहे. फुकट म्हणून न केलेल्या कामाचा फायदा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. पण काम सांगितलं कोणी आणि झालं किती, हे सिद्ध त्यालाच करावं लागतं. त्यामुळे आधी दर, मग काम. निदान व्हॉट्सॲपवर ‘ठीक’ तरी मिळवा. कोर्टात ते प्रमाणपत्रासह दाखल करता येतं.

उशिराच्या दंडाबद्दल मालकांचा गैरसमज मोठा असतो. ‘दिवसाला ५,००० दंड’ लिहिलं म्हणजे तेवढे मिळतातच असं नाही. याच करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ती वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. आणि मुदत हाच करारातला कळीचा मुद्दा असताना ती उलटून झालेलं काम मुकाट्याने स्वीकारलं, त्याच वेळी भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाही, तर कलम ५५ प्रमाणे नंतर ती मागता येत नाही. ठेकेदारानेही मालकाने टाइल निवडायला दीड महिना लावला तर मुदतवाढीचं पत्र त्याच आठवड्यात द्यावं.

पैशांचं थोडक्यात. हप्ते टप्प्यांना बांधा, ५ टक्के अनामत गळती बघायला एक पावसाळा ठेवा. स्वतंत्र एका घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी नाही. मटेरियलसकट काम असेल आणि ठेकेदार नोंदणीकृत असेल तर १८ टक्के, म्हणून दर जीएसटीसह की वेगळा ते विचारून घ्या. मजुरांचा विमा पहिल्या दिवसापासून हवा, पहिल्या अपघातापासून नव्हे.

वाद झालाच तर ‘मालकाच्या इंजिनिअरचा निर्णय अंतिम’ या कलमावर विसंबू नका. मालकाच्या पगारातला माणूस लवाद म्हणून सहसा टिकत नाही. निकृष्ट कामासाठी मालकाला ग्राहक आयोगात २ वर्षांत जाता येतं, ठेकेदाराला बिलाच्या दाव्यासाठी ३ वर्षं असतात.

फाइलचे दोन संच करा. आणि साइटवरच्या सिमेंटच्या खोलीत नकाशा लावताना त्याची तारीख बघा. मुकादमाच्या हातात बहुतेक वेळा सुधारणेआधीचाच असतो.