चिरा आणि काळा दगड: भिंत बांधताना या चुका टाळा

कोकणात नुकतं घर बांधलेल्या माणसाला चिऱ्याबद्दल विचारा. तो नगाचा दर सांगेल, वाहतूक किती पडली ते सांगेल, उतराईवरून झालेली वादावादीही सांगेल. पण खाणीवर जाऊन दगड बघितला होता का, असं विचारलं की ‘ते सगळं ठेकेदाराकडे होतं’ एवढंच उत्तर येतं. साइटवर इतकी वर्षं काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की दगडी भिंत बिघडायला सुरुवात इथूनच होते. पुढचं नुकसान होतं ते ‘दगड आहे, टिकणारच’ या समजुतीने.

ओला चिरा थेट भिंतीत

चिरा म्हणजे जांभा. खाणीत तो ओलसर आणि मऊ असतो, म्हणून तर यंत्राच्या पात्याने भराभर कापता येतो. हवा लागून ओल सुकली की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होत जातात आणि दगड कडक होतो. मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापून वापरतात हे फ्रान्सिस बुकाननने पाहिलं आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. आमच्याकडच्या जुन्या गवंड्यांना हे नावाशिवायच ठाऊक होतं. पाऊस सरला की चिरा काढायचा, अंगणात हवा खेळेल अशी चळत लावायची आणि मग बांधकामाला हात घालायचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मानकातही चिरा घडवल्यावर तीन महिने उघड्यावर ठेवा, असंच सांगितलं आहे.

आमच्या घरची पडवी वाढवली तेव्हा मी नोकरीसाठी बाहेरगावी होतो. मे महिना संपत आलेला आणि पावसाआधी काम उरकायचं होतं. ठेकेदाराने चिरा आणला आणि आठवड्याच्या आत भिंत उभी केली. दिसायला छानच दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी खालच्या थरावर तळहात ठेवला आणि उचलला, तर अख्खा हात लाल. चिऱ्याच्या कडा गोल झाल्या होत्या आणि भिंतीच्या पायथ्याशी लाल भुकटीची बारीक रांग पडली होती. बाबा रोज सकाळी ती झाडून टाकत होते, कोणाला काही न बोलता. शेवटी अकरा चिरे कोरून काढून नवे बसवावे लागले. चालू भिंतीतून चिरा काढणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

म्हणून खाणीवर स्वतः जा. एकाच खाणीत वरच्या थराचा चिरा कडक आणि खालचा मऊ, असं सर्रास असतं. नुसत्या रंगावर जाऊ नका. हातोडीने टोला मारा. चांगला चिरा खणखणतो, कच्चा बद्द वाजतो. एक चिरा फोडून बघा. भोकं असणारच, पण त्यांत पांढरी, शाडूसारखी माती भरलेली असेल आणि ती बोटाने निघत असेल, तर तो लॉट सोडून द्या. पावसात ती माती वाहून जाते आणि दगड आतून पोकळ होतो. घरी आणखी एक चाचणी करता येते. सुका चिरा वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा वजन करा. भारतीय मानक ३६२० प्रमाणे चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे ३० किलोचा चिरा बुडवल्यावर ३३.६ किलोच्या आत राहिला पाहिजे.

उघडा चिरा आणि कडक सिमेंट

हल्ली होमस्टे असो की बंगला, गिलावा न करता चिरा उघडा ठेवायची पद्धत आली आहे. मलाही तो आवडतो. पण चिरा उघडा ठेवला की पावसाची जबाबदारी छपरावर येते, हे बहुतेक नकाशांत विसरलेलं असतं.

जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च बघा. १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही जांभ्याची इमारत. तिच्या बाहेरच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला, दगड ‘दिसावा’ म्हणून. तेव्हापासून उघडा जांभा दरवर्षी गोव्याचा पाऊस अंगावर घेतो आहे, तो झिजतो आहे आणि गिलावा परत करावा अशी मागणी जाणकारांकडून होत आली आहे. लोक मात्र त्या लाल भिंतींसमोर फोटो काढून घरी जातात आणि ‘आम्हाला असंच पाहिजे’ म्हणतात. मूळ बांधणाऱ्यांनी तो दगड उघडा ठेवलाच नव्हता, हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

उघडाच ठेवायचा असेल तर छप्पर निदान अडीच-तीन फूट बाहेर काढा, पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडणार नाही अशी सोय करा आणि जोत्यापर्यंतचं बांधकाम काळ्या दगडात घ्या. जोत्यावर डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर, टाकल्याशिवाय चिऱ्याचा पहिला थर लावू देऊ नका.

मोठी चूक होते ती दर्जांमध्ये, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांमध्ये. मजबुतीच्या नावाखाली एकास तीनचा, म्हणजे एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा, माल भरतात. तो चिऱ्यापेक्षा कडक आणि घट्ट होतो. भिंतीतली ओल मग दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, ती चिऱ्याच्या तोंडातूनच पडते. जाताना क्षार तिथेच ठेवून जाते आणि चिरा सुटायला लागतो. काही वर्षांनी चिरा आत गेलेला आणि दर्जेची चौकट बाहेर आलेली, अशा भिंती रस्त्याने जाताना दिसतात. माल नेहमी दगडापेक्षा नरम हवा. सिमेंट, चुना, वाळू १:१:६ हे प्रमाण चिऱ्याला चांगलं मानवतं. चिरा लावण्याआधी भिजवून घ्या, नाहीतर तो मालातलं पाणी ओढून घेतो आणि दर्ज कोरडीच राहते. सांधमोड सांभाळा, उभ्या दर्जा एकावर एक येऊ देऊ नका.

वाळू खाडीची असेल आणि धुतलेली नसेल, तर लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार, धरलाच समजा. लोणा दिसला की लोक त्यावर सिमेंटचा गिलावा मारतात. त्याने लोणा झाकला जातो, थांबत नाही. वर्षभरात गिलावा फुगून पडतो. आधी ओल कुठून येते ते शोधा: पागोळी, फुटका पाइप, भिंतीला टेकलेली बागेची माती. ते बंद करा, सुक्या दिवसांत कोरड्या ब्रशने क्षार झाडा, पाण्याने धुऊ नका. चकचकीत वॉर्निशचंही तसंच. ओल आत कोंडली की त्याचे पापुद्रे निघतात. काही लावायचंच असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं रसायन घ्या आणि भिंत पूर्ण सुकल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत लावा.

काळ्या दगडाचं पोट

घाटावर वेगळीच गोष्ट आहे. काळा पाषाण कडक, पाणी पीत नाही, म्हणून त्याकडे कोणी बघतच नाही. दोष दगडात नसतो, भिंतीच्या पोटात असतो. बाहेरून एक सुबक तोंड, आतून दुसरं तोंड, आणि मधल्या जागेत डबर म्हणजे ओबडधोबड दगड, चिपा म्हणजे दगडाच्या कपच्या, आणि माती. दोन्ही तोंडांना बांधणारं काही नसतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात नेमकं हेच झालं. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या भिंती, वर जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. धक्का बसला तशी दोन्ही तोंडं एकमेकांपासून सुटली, पोट फुटलं आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो लोक गेले. भिंत जाड होती म्हणून ती भक्कम होती, असं नव्हतं.

भूकंपप्रवण भागातल्या अशा बांधकामाला भारतीय मानक १३८२८ लागू होतं. जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक आरपार दगड हवा, ज्याला साइटवर ‘थ्रू’ म्हणतात. एवढा लांब दगड मिळत नाही, ही सबब ऐकून घेऊ नका. आठ मिलिमीटरच्या सळईचा एस आकाराचा आकडा काँक्रीटमध्ये घातला तरी चालतं. लातूर-धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती करताना भिंतीत भोकं पाडून असेच काँक्रीटचे दुवे घातले गेले.

तपासायची वेळ एकच: गवंडी जेवायला गेल्यावर. अर्धवट भिंतीवर चढा आणि मधल्या भागात सळई खुपसा. सहज खाली गेली, तर पोट मालाने भरलेलं नाही. गिलावा झाल्यावर हे कळायला मार्ग राहत नाही. दगड धुऊन लावलाय का, तेही बघा. खाणीची धूळ राहिली तर काळ्या दगडाला माल चिकटत नाही. कोपऱ्यात लांब, घडीव दगड एकाआड एक दिशेने गेले पाहिजेत. तोंडावर चिपा ठोकून भरलेल्या दर्जा दिसल्या तर तिथेच काम थांबवा.

जुन्या भिंतीला फुगवटा आला असेल तर ओळंबा सोडून मोजा, तारखेसह लिहून ठेवा आणि महिन्याभराने परत मोजा. आकडा वाढत असेल तर आधी छपराला टेकू द्या, मग इंजिनियरला बोलवा. फुगवट्यावर गिलावा करून भिंत ‘सरळ’ करणारे मी पाहिलेत. त्यांनी त्या घरात राहणाऱ्यांचा जीव धोक्यात घातला.

आवाराची भिंत आणि फरशी

गडगा, म्हणजे सुका रचलेला बांध, पाणी आपोआप सोडतो. तोच सिमेंटमध्ये बांधून मागे माती भरली की पाणी अडतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात भिंत पुढे कलते. पाणी जायला दर दीड-दोन मीटरवर पाइप आणि त्यामागे खडीचा थर ठेवा.

आणि काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिडची बाटली कोणी उघडली, तर हात धरा. शहाबादी, कडप्पा, कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडल्यावर जो फेस येतो तो डागाचा नसतो, दगडाचा असतो. डाग ओले असतानाच ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि वाळलेच तर लाकडी पट्टीने खरवडा.