पाय चोळण्याआधी या चुका टाळा

दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला की आमच्या भागात गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. त्या दिवसांत रोज एक तरी पोट्टा लंगडत माझ्या ओसरीवर येतो. "काका, जरा रगडून द्या ना जी." बावीस वर्षं खेळाडूंचे पाय चोळतोय, तरी यातल्या बऱ्याच जणांना मी हातच लावत नाही. मग तोंडं वाकडी होतात.

ताज्या माराला चोळणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यात मी स्वतः सामील होतो. आमच्या एका रेडरच्या, म्हणजे चढाई करणाऱ्या पोराच्या, मांडीवर समोरच्याचा गुडघा बसला. मुका मार. कातडी फुटली नाही, रक्त दिसलं नाही, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. संघातल्या एका जाणत्याने तिळाचं तेल गरम करायला लावलं, मी पाय धरला, आणि त्याने अंगठे रोवून अर्धा तास मांडी रगडली. "साकळलेलं रगत मोकळं होते," म्हणे. पोरगं दुपट्टा दातात धरून कण्हत होतं आणि आम्ही वरून शाबासकी देत होतो. पुढच्या रात्री परत तेच.

सहा आठवड्यांनी त्याचा गुडघा काटकोनाच्या पुढे वाकेना. उकिडवं बसता येईना. एक्स-रेत मांडीच्या स्नायूत ढगासारखा पांढरा पट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, मायोसायटिस ऑसिफिकन्स, म्हणजे स्नायूत हाड तयार होणं. आत रक्त साचलेलं असतं, तिथल्या पेशी वाट चुकतात आणि हाड बांधायला लागतात. मार जबर असला तर न चोळताही हे होऊ शकतं, पण ताजेपणी रगडलं की धोका वाढतो. त्याचा तो हंगाम गेला, पुढचाही अर्धा गेला.

तेव्हापासून माझी सवय अशी. मार लागला की पहिले तीन दिवस तेलाची बाटली कपाटात. बर्फ आणायचा, गावात रसवंतीवर मिळतोच, दुपट्ट्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, दिवसातून चार-पाच वेळा. मांडीच्या समोर मार असेल तर सोसेल तेवढा गुडघा दुमडून पट्टी बांधायची, म्हणजे स्नायू आखडत नाही. तीन दिवसांनी हाताची मागची बाजू दोन्ही मांड्यांवर टेकवून बघतो. मारलेली बाजू गरम लागली तर अजून थांबतो. घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नसतील तर माझ्याकडे येऊच नका, आधी एक्स-रे काढा.

दुसरी चूक पोलीस भरतीवाल्या पोरांची. वर्षभर पायाला तेल नाही, आणि उद्या ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, म्हटलं की आज रात्री "पूर्ण खोल मालिश" पाहिजे. १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५, सगळा हिशोब तोंडपाठ. पण खोल रगडलेला स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकतो आणि पाय कणकेसारखे ढिले वाटतात, हे माहीत नसतं. एकाने माझं न ऐकता दुसरीकडे रगडून घेतलं आणि पहाटे मैदानावर पोटऱ्या धरून बसला. ग्राउंडच्या आधीचे दोन दिवस खोल काही नको. त्या सकाळी फार तर दहा मिनिटं हलक्या हाताने, भरभर, नुसती ऊब येईपर्यंत. आणि सावकाश पळून अंग गरम करायचं, ते मालिशने टळत नाही.

"लॅक्टिक ॲसिड काढून द्या" असं हल्ली मोबाईल बघून येणारे सांगतात. ते जोरात पळताना स्नायूत तयार होतं आणि पळणं थांबल्यावर तासाभरात आपोआप कमी होतं, मी काय काढणार? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखतं ते स्नायूंना गेलेल्या बारीक ताणाचं. तिथे मालिशने थोडं बरं वाटतं, अंगही जरा मोकळं होतं. २०२० साली आधीच्या २९ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिचंही म्हणणं तेवढंच होतं: दुखणं आणि ताठरपणा किंचित कमी, पण ताकद किंवा धाव वाढल्याचा पुरावा नाही. दुखापत टाळायला मालिशचा खरा उपयोग मला एकच दिसतो. आठवड्याला एकाच पोराचा पाय हाताखाली येत असेल तर मांडीमागची शीर नेहमीपेक्षा ताठ लागली, हे त्याच्याआधी मला कळतं. मग दोन दिवस वेगाने पळणं बंद. पोरांना हे औषध सगळ्यात कडू लागतं.

बाकी छोट्या चुका. गुडघ्यामागच्या खळीत अंगठा दाबू नये, तिथे रक्तवाहिन्या असतात. बाम लावून वर गरम शेक दिला तर कातडी भाजते. मालिशची मशीन नडगीच्या हाडावर फिरवू नये. दात-ओठ खाऊन सोसावं लागत असेल तर दाब जास्त झाला.

एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मात्र सावध. मी गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजून दोन्ही पोटऱ्यांना सुतळी गुंडाळतो. बोटभर फरक दिसला की हात काढून घेतो. शिरेत गुठळी असेल आणि ती चोळून सुटली तर थेट फुप्फुसात जाते. असं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना.

नडगी दुखते म्हणून गेल्या महिन्यात एक पोट्टा आला. डांबरी रस्त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पळत होता. एका बोटाने हाड दाबत गेलो, रुपयाएवढ्या एकाच जागी तो किंचाळला. म्हटलं, पळणं आजपासून बंद, डॉक्टरला दाखव, हाडाला बारीक तडा असेल. "काका, तुम्हाले चोळायचं नसेल तर तसं सांगा ना," म्हणाला आणि गाडीला किक मारली.